आजार चार, डॉक्टर तीन, गोळ्या अकरा: हिशेब कुठून मांडायचा

घरातल्या मोठ्या माणसांच्या औषधांचं खातं बहुधा न सांगताच आपल्याकडे येतं. आधी त्यांचं तेच सगळं बघत असतात. मग कधीतरी एक गोळी दोनदा घेतली जाते, किंवा एखादी पट्टी महिनाभर तशीच पडून असल्याचं सापडतं, आणि त्या दिवसापासून औषधांचा डबा आपल्या ताब्यात येतो. मधुमेह, बीपी, थायरॉइड, गुडघे, वर हृदयाचं किंवा किडनीचं काहीतरी. प्रत्येकाचे डॉक्टर वेगळे आणि चिठ्ठी वेगळी. फॅमिली डॉक्टर म्हणून असल्या फाईली मी रोज उघडतो. नव्यानेच जबाबदारी आलेले नातेवाईक बहुतेक वेळा एकच विचारतात, "डॉक्टर, यातल्या खरंच लागतात किती?" प्रश्न योग्यच आहे. पण त्याचं उत्तर देण्याआधी बरीच कामं उरकावी लागतात, आणि त्यातली निम्मी घरीच करायची असतात. ती कशी करायची, हे क्रमाने सांगतो.

त्याआधी हा गुंता होतो कशामुळे, ते थोडक्यात. दोन किंवा जास्त दीर्घकाळचे आजार एकाच माणसाला असणं ही आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जवळपास चौघांतला एक जण असा निघाला आणि पासष्टीपुढचे तर निम्म्याहून अधिक. गरीब वस्त्यांत हीच अवस्था दहा-पंधरा वर्षं आधी येते, हेही त्याच पाहणीत दिसलं. उपचारांचे नियम मात्र एकेका आजारासाठी लिहिलेले असतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी कागदावर एक ७९ वर्षांच्या बाई उभ्या केल्या. त्यांना मधुमेह, बीपी, संधिवात, हाडांची झीज आणि दम्यासारखा फुप्फुसाचा जुना आजार असे पाच आजार. प्रत्येक आजाराचा नियम तंतोतंत पाळला तर त्यांना १२ औषधं लागत होती आणि दिवसातून पाच वेळा मिळून १९ डोस घ्यावे लागत होते. त्या बाईंचा एकही डॉक्टर चुकत नव्हता. प्रत्येक जण आपापल्या आजारापुरता बरोबर होता, एवढंच.

१. घरातलं सगळं औषध टेबलावर ओता

औषधं एका जागी कधीच नसतात. थोडी डब्यात, थोडी फ्रिजच्या दारात, काही उशाशी, काही पर्समध्ये. ती सगळी एकत्र आणा. चिठ्ठीवरची तर हवीतच, पण डोळ्यांचे थेंब, श्वासाचा पंप, इन्सुलिनचं पेन, मलमं, सर्दीची गोळी, पोट साफ होण्याची पावडर, काढे, चूर्णं, व्हिटॅमिनं, "कधीतरीच लागते" ती झोपेची गोळी आणि शेजारणीने दिलेली गुडघ्याचीही आणा. "थेंब कशाला, ते काय पोटात जातात?" असं हमखास विचारलं जातं. जातात. काचबिंदूसाठी दिलेले टिमोलोलचे थेंब नाकाघशातून रक्तात उतरतात, आणि दमा असलेल्या माणसाचा दम त्याने वाढू शकतो, नाडीही मंद होऊ शकते. ज्येष्ठमध असलेलं चूर्ण रोज भरपूर पोटात गेलं तर बीपी वर आणि पोटॅशियम खाली जाऊ शकतं. सोड्याच्या फसफसणाऱ्या गोळ्यांत मीठ लपलेलं असतं, आणि हृदय कमजोर असलेल्याला तेच तर टाळायला सांगितलेलं असतं.

आता प्रत्येक पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या आणि त्याखाली बारीक छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. भिंग लागलं तर घ्या. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच सापडतात. एका पट्टीवर लिहिलेलं असतं 'टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ आणि अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ' आणि शेजारच्या, वेगळ्याच रंगाच्या पट्टीवर नुसतं 'अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ'. दोन्ही बीपीच्या. पहिली हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी त्याच्या आधीपासून चालू. आजोबा दोन्ही इमानेइतबारे घेत असतात आणि उठताना चक्कर येते म्हणून तिसरीच गोळी मागायला येतात. पॅरासिटामॉलचंही असंच. अंगदुखीच्या गोळीत असतं, सर्दीच्या गोळीत असतं, तापाच्या गोळीत तर असतंच. धडधाकट मोठ्या माणसासाठीही दिवसाची मर्यादा ४ ग्रॅम. वजन कमी असेल किंवा यकृत नाजूक असेल तर त्याहून कमी.

मुदत संपलेल्या आणि डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेल्या पट्ट्या बाजूला काढा. लगेच फेकू नका, आधी एकदा डॉक्टरांना दाखवा.

२. एक कागद, एकच

मोबाइलमधलं अॅप चालेल, वही चालेल, पण मला स्वतःला पाकिटात मावणारा घडीचा कागद सगळ्यात भरवशाचा वाटतो. बॅटरी संपली, फोन कुलूपबंद राहिला, रात्री दोनला नेणारं माणूस दुसरंच निघालं, तरी कागद बोलतो. त्यावर मूळ औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी, कशासाठी, कुणी सुरू केलं, केव्हापासून, आणि किती दिवस घ्यायचं, एवढं लिहा. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि पुढचा निम्मा त्रास त्यातूनच होतो. 'पॅन्टोप्राझोल, ४० मिग्रॅ, सकाळी जेवणाआधी, दुखण्याच्या गोळ्यांमुळे ॲसिडिटी होऊ नये म्हणून, हाडांचे डॉक्टर, फक्त दुखण्याची गोळी चालू असेपर्यंत' अशी ओळ कागदावर असती, तर तीच गोळी चार वर्षांनी उगाचच चालू असलेली दिसली नसती.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहा: कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे आणि घेतल्यावर नेमकं काय झालं होतं, शेवटचा क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारे रक्ततपासणीतले आकडे) किती आणि कुठल्या तारखेचा, वजन, मोठ्या शस्त्रक्रिया, हृदयात स्टेंट किंवा पेसमेकर असल्यास तो. आणि 'बंद केलेली औषधं' असा छोटा भाग, कारणासह. बीपीच्या रॅमिप्रिलने कोरडा खोकला आला म्हणून बंद केली, हे लिहून ठेवलेलं नसलं तर दोन वर्षांनी दुसरे डॉक्टर तीच गोळी पुन्हा सुरू करतात. त्यांना कळणार कसं?

आठवड्यातून एकदाच घ्यायची औषधं लाल पेनाने लिहा आणि वार अक्षरात लिहा. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असते. ती रोज घेतली गेल्यामुळे जगभरात माणसं दगावली आहेत. हाडांसाठीची अॅलेन्ड्रोनेटही बहुधा आठवड्याची असते.

३. प्रत्येक गोळीसमोर एक आजार, प्रत्येक आजारासमोर एक गोळी

कागद तयार झाला की दोन बाजूंनी जुळवणी करा. एखाद्या गोळीसमोर कुठलाच आजार लिहिता येत नसेल तर ती प्रश्नचिन्हाची गोळी. एखाद्या आजारासमोर काहीच औषध नसेल तर तेही विचारायचं. काही वेळा लागणारं औषधच राहून गेलेलं असतं, उदाहरणार्थ हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) नसणं. गोळ्या फार म्हणजे वाईट आणि थोड्या म्हणजे चांगल्या, असं सरसकट धरू नका. पाच किंवा जास्त औषधं चालू असली की डॉक्टर मंडळी त्याला बहुऔषधी म्हणतात, पण तो आकडा नुसता सावध करण्यापुरता आहे. हृदय कमजोर असलेल्याला चार-पाच गोळ्या एकत्रच लागतात आणि त्यांतल्या बहुतेकींमुळे आयुष्य वाढतं.

जुळवणी तुम्ही करा. त्यातून काय कमी-जास्त करायचं, ते डॉक्टर ठरवतील. प्रश्नचिन्हाची गोळी परस्पर बंद करू नका. काही गोळ्या एकदम सोडल्या तर उलटतात: मेटोप्रोलोल-अटेनोलोलसारखे बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या), बीपीची क्लोनिडिन, फिटच्या गोळ्या, महिनोन् महिने चाललेले स्टिरॉइड, झोपेच्या आणि नैराश्याच्या गोळ्या. या कायम टप्प्याटप्प्यानेच उतरवतात.

४. सगळी फाईल बघणारा एक डॉक्टर ठरवा

तज्ज्ञ कितीही असले तरी सगळी यादी डोळ्यांखालून घालणारं माणूस एकच हवं. ते फॅमिली डॉक्टर असू शकतात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातले. तज्ज्ञाने नवीन औषध दिलं की सुरू करण्याआधी, निदान त्याच आठवड्यात, हा कागद त्यांना दाखवायचा. आणि तज्ज्ञाकडे जाताना हाच कागद आधी टेबलावर ठेवायचा, रिपोर्टांचा गठ्ठा नंतर. औषधाच्या दुकानाचंही तेच. शक्यतो एकाच दुकानातून घ्या आणि फार्मासिस्टला सगळी यादी माहीत असू द्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्याला दुसऱ्या नावाची पण मेटफॉर्मिनच असलेली जोडगोळी देताना तो अडवू शकतो, मात्र त्याला आधी माहिती हवी.

भेट मागताना 'नेहमीची तपासणी' म्हणू नका. "सगळ्या औषधांचा आढावा घ्यायचाय, थोडा जास्त वेळ लागेल" असं स्पष्ट सांगा. ब्रिटनमधल्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांसाठी हेच सुचवलं आहे: आजार एकेक करून न बघता माणसाला काय हवंय आणि उपचारांचं ओझं किती पडतंय, यापासून सुरुवात करा. याने चमत्कार होतो असं मी सांगणार नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ३३ दवाखान्यांत हा एकत्रित आढावा प्रत्यक्ष करून बघितला. २०१८ साली निकाल आला तेव्हा रुग्णांच्या जगण्याच्या दर्जात मोजता येण्याजोगा फरक पडलेला नव्हता. पण आपली काळजी नीट घेतली जातेय, असं त्यांना स्पष्टपणे जास्त वाटलं होतं. मला तेवढंही पुरेसं वाटतं.

आढाव्याला जाण्याआधी पेशंटला स्वतःला विचारा की सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो. घरच्यांना वाटतं शुगरचा आकडा, डॉक्टरांना वाटतं बीपी, आणि आजी म्हणतात, "रात्री चारदा लघवीला उठावं लागतं, झोपच होत नाही." ते वाक्य कागदावर सगळ्यात वर लिहा. कदाचित संध्याकाळी दिलेली पाण्याची गोळी (लघवी वाढवून अंगातलं पाणी कमी करणारी) सकाळी हलवली की भागेल. आकड्यांचं ध्येयही याच चर्चेत ठरतं. तरुण मधुमेह्याला एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ७ टक्क्यांखाली ठेवायला सांगतात. अनेक आजार असलेल्या, अशक्त, पडण्याची भीती असलेल्या वृद्धाला ८ टक्क्यांपर्यंत चालतं, कारण शुगर घसरून पडणं आणि मांडीचं हाड मोडणं त्यांना जास्त महागात पडतं.

५. वेळा कमी करा

दिवसातून पाच-सहा वेळा गोळ्या घेणं कुणालाच निभत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार दीर्घकाळचे उपचार नीट पाळणारे लोक विकसित देशांतसुद्धा निम्मेच असतात. म्हणून "या गोळ्या दोन किंवा तीन वेळांत बसवून द्याल का?" हे थेट विचारा. बऱ्याच बसतात. न बसणाऱ्या मोजक्याच, त्या लक्षात ठेवा. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास लांब. अॅलेन्ड्रोनेट पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं काही असेल तर ती गोळी चुरायची नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोडायचीही नाही. दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं. गिळायला त्रास होत असेल तर तसं सांगा, बहुतेक औषधांना पर्याय असतो.

वारांचे कप्पे असलेला डबा आठवड्यातून एकदा, निवांत बसून, कागद समोर ठेवून भरा. टीव्ही बघता बघता नको.

६. नवी तक्रार आली की आधी गोळ्यांकडे बघा

अख्ख्या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. औषधाचा दुष्परिणाम नवा आजार म्हणून ओळखला जातो, त्यावर नवं औषध येतं, त्याचा पुन्हा दुष्परिणाम. १९९० च्या दशकात या प्रकाराला 'औषधांची साखळी' अशा अर्थाचं नाव मिळालं, पण तो त्याआधीही घडत होताच. ओपीडीत वरचेवर होणारा संवाद असा असतो:

"आजी, ही गोळी कशाची?"

"ती होय, ती पायांच्या सुजेची."

"सूज कधीपासून?"

"ती बीपीची नवी सुरू केली ना, त्यानंतर महिन्याभराने."

"आणि ही?"

"पाण्याच्या गोळीने पोटऱ्यांत गोळे यायला लागले, म्हणून पोटॅशियमचं औषध दिलं. मग ते प्यायलं की पोटात जळजळतं, त्याची ही."

अॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलेलं असतं. डोस जितका मोठा तितकी सूज जास्त. ही सूज पाण्याच्या गोळीने फारशी उतरत नाही, कारण अंगात पाणी वाढलेलं नसतं, बारीक रक्तवाहिन्यांतून ते पायांत झिरपत असतं. डोस कमी केला किंवा गोळी बदलली की बहुधा उतरते. म्हणजे एक बीपीची गोळी बदलली असती तर पुढच्या तीन लागल्याच नसत्या. मात्र सूज दिसली म्हणून नेहमी गोळीच कारण असते असं नाही. हृदय, किडनी, यकृत बघावंच लागतं. एकाच पायाला अचानक सूज येऊन तो दुखू लागला तर त्याच दिवशी दाखवा.

दुसरी साखळी अधिक फसवी आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलेल्या काही जणांत बी१२ कमी होतं आणि पायांत मुंग्या येतात. मधुमेहामुळे नसा बिघडल्या असं समजून प्रीगॅबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध सुरू होतं. त्याने गुंगी येते, पाय सुजतात, तोल जातो. बी१२ ची साधी रक्ततपासणी कुणीच केलेली नसते. पॅन्टोप्राझोलसारखी गोळीही वर्षानुवर्षं सोबत असेल तर बी१२ आणखी घटू शकतं.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल मी जरा जास्तच कडक आहे, आणि राहणार. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांनी बीपी वाढतं, अंगात पाणी साठतं, जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. त्यातही बीपीची एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांपैकी एक, अधिक पाण्याची गोळी, अधिक दुखण्याची गोळी असं तिहेरी मिश्रण झालं तर किडनी काही दिवसांत अचानक खाली बसू शकते. गुडघ्यासाठी त्याऐवजी पॅरासिटामॉल, लावायचं मलम, मांडीचे व्यायाम, काठी यांचा विचार आधी व्हावा.

सर्दीच्या गोळ्यांतल्या जुन्या पद्धतीच्या ॲलर्जीच्या औषधाने (क्लोरफेनिरामीन हे त्यातलं नेहमीचं नाव) वृद्धांना भ्रम होतो, बद्धकोष्ठ होतं, प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अडकते. त्यांतलं नाक मोकळं करणारं औषध बीपी वाढवतं. दुकानातून परस्पर आणलेली सर्दीची गोळीसुद्धा म्हणून त्याच कागदावर यायला हवी.

विचारायचा प्रश्न ठरलेला: "ही तक्रार यादीतल्या कुठल्या औषधामुळे असू शकेल का?" तक्रार सुरू झाल्याची तारीख आणि गोळी सुरू झाल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवली की उत्तर बऱ्याचदा डोळ्यांसमोरच असतं.

७. घरी काय मोजायचं

थोडंच, पण नीट. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. चक्कर येते म्हणत असतील तर आधी बसवून किंवा झोपवून मोजा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर तसं डॉक्टरांना कळवा. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, बीपीच्या गोळ्या आणि पाण्याची गोळी मिळून असं करू शकतात.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर ७० च्या खाली जाण्याची खूण घरातल्या सगळ्यांना माहीत हवी: घाम, थरथर, धडधड, एकाएकी चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. शुद्धीवर असतील तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तेवढी साखर द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा. हृदय कमजोर असलेल्यांचं वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर घ्या. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर पाय सुजायची वाट न बघता फोन करा.

किडनीचा आकडा दर किती महिन्यांनी बघायचा, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की मेटफॉर्मिनचा डोस पुन्हा ठरवावा लागतो आणि ३० च्या खाली ती बंद करतात. म्हणजे गोळी तीच, माणूस तोच, पण दोन वर्षांपूर्वीचा डोस आज चालत नाही.

८. जुलाब-उलट्यांचा दिवस

याची तयारी आधीच करून ठेवा, कारण त्या दिवशी कुणालाच काही सुचत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की मधुमेहाच्या मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन, पाण्याच्या गोळ्या, टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल गटातल्या बीपीच्या गोळ्या आणि दुखण्याच्या गोळ्या त्रास देऊ शकतात. यातल्या कुठल्या थांबवायच्या आणि खाणंपिणं पूर्ववत झाल्यावर (बहुधा २४ ते ४८ तासांनी) पुन्हा कधी सुरू करायच्या, हे बरं असताना डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन आणि स्टिरॉइड मात्र अशा दिवशी मनाने बंद करायचे नाहीत. डोस फोनवर विचारा.

९. दवाखान्यातून घरी आल्यावर

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी हानी कमी करण्याची मोहीम सुरू केली. तिने तीन धोक्याच्या जागा निवडल्या: जास्त जोखमीची औषधं आणि परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधं, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना होणारी गफलत. डिस्चार्जच्या दिवशी तिन्ही एकत्र येतात. म्हणून कार्ड हातात पडल्यावर तिथेच, निघण्याआधी, तुमचा कागद शेजारी ठेवून तीन गोष्टी विचारा: नवीन काय, बदललं काय, बंद काय. कार्डावर नसलेली जुनी गोळी मुद्दाम बंद केली आहे की लिहायची राहिली, हे विचारून घ्याच. रुग्णालयात बदललेल्या ब्रँडमुळे घरी तेच औषध दोन नावांनी चालू राहतं, हे तर नेहमीचंच. आठवड्याभरात सगळं घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा.

१०. आता तो पहिला प्रश्न: कमी किती करता येतील

वृद्धांसाठी जपून द्यायच्या औषधांच्या याद्या डॉक्टरांकडे असतात. बीअर्स निकष १९९१ पासून आहेत, आयर्लंडमधून आलेले स्टॉप-स्टार्ट निकष २००८ पासून, आणि दोन्ही २०२३ मध्ये सुधारले गेले. पण यादी बघून सरसकट काट मारायची नसते. माझ्या अनुभवात बंद होऊ शकणाऱ्या गोळ्या बहुधा अशा निघतात: दुहेरी चाललेलं औषध, कारण संपूनही उरलेली ॲसिडिटीची गोळी, झटका किंवा पक्षाघात कधीच न झालेल्या साठीपुढच्या माणसाची सवयीने चाललेली अॅस्पिरिन, झोपेची गोळी, अशक्त वृद्धाचं शुगर घसरवणारं ग्लिमेपिराइड, आणि आठ-बारा आठवड्यांसाठी लिहिलेली पण कुणीच न थांबवलेली व्हिटॅमिन डीची मोठ्या डोसची गोळी.

एका वेळी एकच औषध कमी करतात. दोन एकदम सोडली आणि त्रास झाला, तर कशामुळे ते कळत नाही. ॲसिडिटीची गोळी थांबवल्यावर पहिले एक-दोन आठवडे जळजळ उसळून वर येऊ शकते. ते आधी माहीत नसलं तर "बघा, गोळी लागतेच" म्हणून लोक पुन्हा सुरू करतात. डॉक्टर ती बहुधा आधी अर्ध्यावर, मग एक दिवसाआड अशी उतरवतात. झोपेच्या गोळीला आठवडे, कधी महिने लागतात, आणि घाई करण्यात काही मिळत नाही. प्रत्येक वेळी कागदावर तारीख, आधीचा डोस, नवा डोस आणि कशावर लक्ष ठेवायचं ते लिहा. ठरलेल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून काय झालं ते सांगा. त्रास झाला नाही तर पुढच्या भेटीत यादीतली पुढची गोळी चर्चेला घ्या, आणि बंद झालेलीच्या उरलेल्या पट्ट्या दुकानात विचारून योग्य जागी टाका. डब्यात ठेवल्या तर महिन्याभरात कुणीतरी त्या पुन्हा कप्प्यांत भरतं.